सुटा झालेला आवाज

ठाण्यात एके काळी मर्फी रेडिओ तयार होत. ओठांशी बोट नेलेल्या बाळाच्या कॅलेंडरमुळे मर्फी हे नाव घराघरांत पोचले. त्या रेडिओचा मागचा पुठ्ठा उघडून आत पाहिले, तर घरातल्या आवाजाच्या इतिहासाचे पहिले पान हाती लागते. आत काचेचे व्हॉल्व्ह, एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि त्याला जोडलेला कागदी कोनाचा स्पीकर, सगळे एकाच लाकडी कॅबिनेटमध्ये. शेवटचा व्हॉल्व्ह किती ताकद देणार, ट्रान्सफॉर्मर ती कोणत्या प्रमाणात उतरवणार, स्पीकरची कॉइल ती कशी पेलणार आणि लाकडाची पोकळी खालच्या सुरांना किती आधार देणार, हे चारही हिशेब एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यावर झालेले असत. ऐकणाऱ्याने फक्त बटण फिरवायचे. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाले, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. ते ऐकणाऱ्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांना आपला स्पीकर कुठला आणि अ‍ॅम्प्लिफायर कुठला, असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. त्या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या.

आज त्याच गावांत स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसापुढे मात्र हा प्रश्न उभा राहतो. पॅसिव्ह घ्यायचा, म्हणजे नुसते बॉक्स घेऊन त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, की अ‍ॅक्टिव्ह घ्यायचा, म्हणजे ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आहे असा? या चर्चेत एक समज कायम गृहीत धरलेला असतो. सुटे बॉक्स आणि सुटा अ‍ॅम्प्लिफायर ही जुनी, जाणकारांची, शुद्ध ऐकण्याची परंपरा, आणि अ‍ॅक्टिव्ह हे अलीकडचे, सोयीचे, ब्लूटूथच्या जमान्यातले अपत्य. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्याचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. इथल्या घरांत आवाज आधी एकत्रच होता. मध्ये पंचवीस-तीस वर्षे तो सुटा झाला, आणि आता पुन्हा एका खोक्यात परतला आहे. मधला तो सुटेपणा कानांच्या मागणीतून आला नव्हता. टंचाई, दुरुस्तीचे दुकान आणि मंडपाची सवय या तिघांनी मिळून तो घडवला. हे समजून घेतले तर आजची निवड बरीच सोपी होते, आणि परतीच्या वाटेवर आपण काय गमावले तेही दिसते.

यावर पहिलाच आक्षेप तांत्रिक आहे, आणि तो खरा आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओला अ‍ॅक्टिव्ह स्पीकर म्हणता येणार नाही. काटेकोर अर्थाने अ‍ॅक्टिव्ह म्हणजे ज्यात वूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्वीटरला स्वतःचा, आणि खालचे-वरचे सूर वेगळे करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, सिग्नल अजून कमजोर असतानाच होते. पॅसिव्ह बॉक्समध्ये हीच वाटणी अ‍ॅम्प्लिफायरनंतर होते. ताकदवान झालेला प्रवाह बॉक्समध्ये शिरतो आणि तिथे कॉइल वरच्या सुरांना अडवते, कपॅसिटर खालच्यांना. या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक जात आहे. अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात आहे, पण एकच आहे, आणि वाटणी त्याच्यानंतरच होते. तिला पॉवर्ड म्हणतात. बाजारात अ‍ॅक्टिव्ह म्हणून विकला जाणारा मोठा माल प्रत्यक्षात पॉवर्ड असतो. या फरकाकडे पुढे परत यावे लागेल, कारण सगळी गोम तिथेच आहे. पण रेडिओपुरते पाहायचे तर त्यात वाटणी करायला दुसरा स्पीकर नव्हताच. एकच कोन सगळे सूर वाजवत होता. त्यामुळे अ‍ॅक्टिव्ह विचाराचा जो गाभा आहे, म्हणजे कोणता अ‍ॅम्प्लिफायर कोणता कोन हलवणार हे बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असणे, तो मर्फीच्या, बुशच्या किंवा फिलिप्सच्या रेडिओत पुरेपूर होता.

जगाच्या इतिहासातही क्रम हाच आहे. आज घरोघरी असलेल्या हलत्या कॉइलच्या स्पीकरचा पाया अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली घातला. पुढच्याच वर्षी त्यावर आधारित ‘रेडिओला १०४’ बाजारात आला, तो पोटात अ‍ॅम्प्लिफायर घेऊनच. त्या काळी स्पीकरचे चुंबकही विजेवर चाले, म्हणजे वीज आत न्यावीच लागे. पुढे ताकदवान कायमस्वरूपी चुंबक आले आणि स्पीकर विजेच्या तारेतून सुटला. १९५४ साली एडगर व्हिलचर यांच्या ‘एआर-१’ने छोट्या बंद खोक्यातून खोल बास काढून दाखवला, आणि अमेरिकेत-युरोपात सुटे भाग जुळवून ऐकण्याचा हौशी छंद फोफावला. तिथे सुटेपणा ही हौस होती. इथे काय झाले ते वेगळे आहे, आणि तिथले कारण इथे चिकटवल्यामुळेच वरचा गैरसमज तयार झाला.

इथल्या सुट्या आवाजाचा पूर्वज हाय-फाय क्लबमध्ये सापडत नाही. तो मांडवात सापडतो. महाराष्ट्रात लोकांनी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर या दोन वेगळ्या वस्तू पहिल्यांदा पाहिल्या त्या सभेत आणि उत्सवात. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची शिकागो रेडिओ ही कंपनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत असे. नानिक मोटवाने यांचे नाव त्यासाठी आजही घेतले जाते. सभेत एका टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर आणि बांबूवर बांधलेले कर्णे ही मांडणी अटळ होती, कारण माणसे शंभर फुटांवर पसरलेली आणि यंत्र सांभाळणारा एका जागी बसलेला. गणेशोत्सव, सत्यनारायण, लग्न, निवडणूक, सगळीकडे हीच मांडणी गेली, आणि गावोगावी साउंड सर्व्हिसचा धंदा उभा राहिला. त्यातूनच एक कारागीर तयार झाला. त्याला कर्ण्याची डायफ्रॅम बदलता येत होती, जळलेली व्हॉइस कॉइल पुन्हा गुंडाळता येत होती, ट्रान्सफॉर्मर भरता येत होता, आणि भर मांडवात हम येऊ लागला तर पाच मिनिटांत अर्थिंग सापडत होते. घरातल्या सुट्या स्पीकरचा इतिहास लिहायचा तर या माणसापासून सुरू करावा लागतो.

हा माणूस घरात शिरला तो १९७० च्या दशकात, आणि त्याच्या येण्याला या पट्ट्यात जमीन तयार होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येच. डोंबिवलीची एमआयडीसी त्याच दशकात उभी राहिली. कारखान्यांत काम करणारा, आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला, संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर सोल्डरिंग करणारा तरुण हा या गावांचा नेहमीचा रहिवासी झाला. सुटे भाग मिळण्याचे ठिकाण म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे, ट्रान्झिस्टर, आयसी, हीट सिंक, ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालायचे आणि परतीची कल्याण गाडी पकडायची. सर्किट ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकातून मिळे, ते १९६९ पासून निघत होते. लहान अ‍ॅम्प्लिफायरला टीबीए ८१० ही सात वॅटची आयसी, मोठ्याला २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी. लाकूडकामाला तर लांब जायलाच नको होते. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर वसलेल्या, १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या गावात फर्निचरचा मोठा बाजार उभा राहिला होता. पलीकडच्या स्टेशनावरच प्लायवूड, नोव्होपान आणि सनमायका मिळत असेल, आणि ते कापून देणारा सुतारही, तर बॉक्स कंपनीचा कशाला हवा?

अशा रीतीने घरातली म्युझिक सिस्टीम तयार झाली. एक कॅसेट डेक, एक असेंबल केलेला अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर नाचणाऱ्या दिव्यांचा इक्वलायझर आणि दोन बाजूंना दोन बॉक्स. बॉक्समध्ये आठ इंची वूफर, वर एक ट्वीटर, पुढे जाळी. या बॉक्सला पॅसिव्ह स्पीकर म्हणायचे तर म्हणावे, पण त्यात खरी वाटणी बहुतेक वेळा होतच नसे. वूफर सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या तारेला, आणि ट्वीटर जळू नये म्हणून त्याच्या आधी एक कपॅसिटर. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आठ ओमच्या ट्वीटरला लावला की तो साधारण ४,२०० हर्ट्झच्या खालचे सूर हळूहळू कमी करत नेतो. वूफर मात्र त्याच्या वरचेही काही सूर वाजवतच राहतो. त्यामुळे गायिकेच्या ‘स’, ‘श’ यांचा शिशकार दोन ठिकाणांहून, दोन वेगळ्या पोतांत ऐकू येई. बनवणाऱ्याचे कौशल्य कमी होते असे नाही. चांगली क्रॉसओव्हर कॉइल जाड तांब्याची लागते, तिला पैसे पडतात, आणि ती मोजून जुळवायला माइक आणि मीटर लागतो. ओट्यावरच्या कारागिराजवळ मल्टिमीटर होता, कान होता आणि गिऱ्हाईकाचे मर्यादित पैसे होते. एवढ्यात जे होऊ शकत होते ते त्याने उत्तम केले. स्पीकर माठात बसवण्याची युक्तीही याच काळातली, आणि ती अगदीच अडाणी नव्हती. माठाला समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात, त्यामुळे आत आवाज घुमण्याचे प्रमाण कमी होते.

इथे कुणी म्हणेल की लोकांनी सुटी सिस्टीम पसंत केली ती आवाज मोठा आणि चांगला होता म्हणून. टंचाईचे कारण ओढूनताणून आणलेले आहे. पण त्याच काळातली दुसरी वस्तू पाहावी. आखाती देशांतून परतणारे लोक सामानात टू-इन-वन आणत. रेडिओ, कॅसेट, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, सगळे एकत्र. आणि वीज गेली तर सेलवर चालणारा. घरात टू-इन-वन असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. ज्याला एकत्र यंत्र परवडत होते किंवा मिळत होते, त्याने ते सुटेपणासाठी नाकारल्याचे दिसत नाही. १९९१ पूर्वी परदेशी तयार माल सामान्य माणसाला मिळणेच कठीण, देशी तयार सिस्टीम महाग, आणि ओळखीच्या मेकॅनिककडून असेंबल केलेली परवडणारी. सुटेपणाला आणखी एक आधार होता तो हवेचा. खाडीकाठच्या आणि उल्हास नदीच्या या पट्ट्यात चार महिने पाऊस. कागदी कोनाला बुरशी धरते, फोमची कड दहा-पंधरा वर्षांत पिठासारखी चुरते. वस्तू बिघडणार हे नक्की असेल, तर बिघडलेला भाग तेवढाच काढता यावा असे माणसाला वाटते. कोन गेला तर बॉक्स मेकॅनिककडे, आयसी गेली तर अ‍ॅम्प्लिफायर. दुसरा भाग घरात वाजायला मोकळा. माझ्या मते पॅसिव्ह पद्धतीचा इथला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच होता आणि आजही हाच आहे. तो आवाजाच्या गुणवत्तेचा नव्हे, दुरुस्तीचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप असा की सुट्या पद्धतीत माणूस हळूहळू वर चढू शकतो. आज अ‍ॅम्प्लिफायर, पुढच्या दिवाळीत मोठे बॉक्स. हे खरे आहे, पण वर चढण्याची दिशा कोणती होती तेही पाहिले पाहिजे. चढाओढ वॅटची होती. नव्वदच्या दशकात खोक्यांवर पीएमपीओ नावाचे माप छापले जाऊ लागले आणि हजार-हजार वॅटचे आकडे झळकू लागले; त्याच यंत्राची सतत देता येण्याजोगी ताकद दहा-वीस वॅट असे. अमेरिकेत असे दावे आवरण्यासाठी तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ सालीच अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजावी याचा नियम केला होता. आपल्याकडे गिऱ्हाईक आकड्यावर विश्वास ठेवून पैसे देत राहिले. आणि घरात लागते किती? मध्यम दर्जाचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो असे धरले, तर अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला आरामात ऐकण्याइतका ७५ डेसिबल आवाज द्यायला अर्धा वॅटही पुरतो. तबल्यावरची जोरकस थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर गेली तर क्षणभर त्याच्या शंभरपट, म्हणजे चाळीसेक वॅट लागतात. तेवढे झाले की झाले. उरलेले आकडे शेजाऱ्याच्या भिंतीसाठी.

ताकदीत नसेल, तर अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह यांच्यातला खरा फरक कशात आहे? पाठ्यपुस्तकी उत्तर सुरू होते उष्णतेपासून. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली तर तिचा रोध सुमारे ३९ टक्के वाढतो, आणि ज्या रोधावर पॅसिव्ह वाटणीचा हिशेब बेतलेला असतो तोच सरकतो. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत वाटणी आधीच झालेली असल्याने ती हलत नाही. मुद्दा बिनचूक आहे, पण डोंबिवलीच्या दिवाणखान्यात तो फारसा लागू पडत नाही. अर्ध्या वॅटवर कॉइल एवढी तापत नाही. घरात लागू पडणारी कारणे दुसरी आहेत. एक तर वूफरचा रोध सुराप्रमाणे बदलतो, आठ ओम लिहिलेला कोन त्याच्या अनुनादाशी तीस ओमच्याही पुढे जातो, आणि पॅसिव्ह वाटणीला हा चढउतार पोटात घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे खोली. हे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

बारा बाय दहाची खोली आणि नऊ फूट उंची धरू; या गावांतल्या इमारतींत ही खोली अनोळखी नाही. बारा फुटांच्या भिंतींमध्ये आवाजाची पहिली उभी लाट ४७ हर्ट्झला बसते, दहा फुटांच्या ५६ला, आणि जमीन व छत यांच्यामध्ये ६३ला. तिन्ही लाटा एकमेकींच्या जवळ, आणि त्याच पट्टीच्या अंगाला आपल्या संगीताचा खालचा मजला. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६५ हर्ट्झला लागते, काळी एकमध्ये ६९ला. तंबोऱ्याचा नाद मुख्यत्वे त्याच्या वरच्या स्वरांशांत असतो म्हणून तो फारसा बिघडत नाही, पण डग्ग्याची घुमक या लाटांत सापडते आणि एखादाच आघात खोलीभर फुगून उरलेल्या बोलांवर पसरतो. ज्या कल्याणात गायन समाजासारखी संस्था आहे, ज्या ठाण्यात गडकरी रंगायतनात १९७८ पासून लोकांनी नाट्यसंगीत समोर बसून ऐकले आहे, तिथल्या कानाला हा फुगवटा कळतो. त्याला दोष मात्र वूफरचा दिला जातो. असेंबल केलेल्या सिस्टीमवर उपाय होता बास कमी करण्याचा, म्हणजे फुगलेल्या एका सुराबरोबर सगळा खालचा मजलाच उतरवण्याचा. चांगल्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये वाटणी कमजोर सिग्नलवर होत असल्यामुळे तिथेच त्या एका सुराची चिमटीत धरून कपात करता येते, भिंतीजवळ ठेवला तर खालचा उतार बदलता येतो. पॅसिव्ह पद्धतीत हे अशक्य नाही, पण त्यासाठी आणखी एक यंत्र मध्ये बसवावे लागते, आणि ते बसवले की सुटी साधी सिस्टीम साधी राहत नाही. लहान खोलीत, बेताच्या आवाजात, गाण्यासाठी ऐकायचे असेल तर काटेकोर अर्थाचा अ‍ॅक्टिव्ह स्पीकर सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तो इथल्या घरांत आधी का आला नाही? युरोपात सत्तरच्या दशकातच फिलिप्सने कोनाच्या हालचालीवर नजर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरला सुधारणारे स्पीकर काढले होते, फिनलंडची जेनेलेक कंपनी १९७८ पासून रेडिओ केंद्रे आणि स्टुडिओंसाठी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर बनवते आहे. आपल्याकडे कोलकात्याच्या सोनोडाइनने पुढे स्टुडिओसाठी असे स्पीकर केले. पण ठाणे-कल्याणात अ‍ॅक्टिव्ह वाटणीचे तत्त्व सर्वांत आधी लोकांसमोर वाजले ते रस्त्यावर. डीजेच्या गाडीवर मिक्सरनंतर एक क्रॉसओव्हर असतो, तो सिग्नल तोडतो. बेसला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, टॉपला वेगळा. ही तंतोतंत अ‍ॅक्टिव्ह रचना आहे. आणि तिथे ती यायला कारणही होते: घरात लागू न पडणारा तो उष्णतेचा मुद्दा मिरवणुकीत पुरेपूर लागू पडतो. हजारो वॅटची ताकद पॅसिव्ह वाटणीतून नेली तर वाटणीच्या कॉइलच तापतात. कर्णे बांधणाऱ्या कारागिराच्या पुढच्या पिढीने, कोणत्याही हाय-फाय मासिकाची वाट न पाहता, हे स्वतः शिकून घेतले. मिरवणुकीतल्या या आवाजाचे दुसरे टोकही याच पट्ट्यात आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर निकाल दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच होती. ती पाळली जावी म्हणून एका डॉक्टरला न्यायालयात जावे लागले. ज्या तंत्राने लहान खोलीत तबल्याचा बोल स्वच्छ ऐकता येतो, त्याच तंत्राने म्हाताऱ्या माणसाची झोपही मोडता येते. तंत्राला याचा दोष देणे मला पटत नाही, पण ते इथे त्या वाटेने आले एवढे नोंदवायलाच हवे.

घरातला सुटेपणा ओसरू लागला तो १९९१ नंतर. सोनी, आयवा, फिलिप्स, व्हिडिओकॉन यांच्या मिनी सिस्टीम आल्या. बॉक्स सुटे दिसत, पण त्यांच्या तारा त्याच यंत्राच्या, दुसरीकडे लागायच्या नाहीत. संगणक आला तसे टू-पॉइंट-वन आले, ज्यात वूफरच्या खोक्यातच अ‍ॅम्प्लिफायर. मग टीव्हीखालची साउंडबार, मग तळहातावरचा ब्लूटूथ स्पीकर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मुंबई उजळलेली आणि ठाण्यापलीकडे तासन्‌तास अंधार, हे ज्यांनी सोसले त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या खोक्याचे मोल वेगळे सांगायला नको. आणि २०१७ साली सारेगामाने ‘कारवां’ आणला. पाच हजार गाणी आत भरलेली, रूप जुन्या रेडिओचे, फिरवायला मोठे बटण. तो घराघरांत गेला, वडीलधाऱ्यांना भेट म्हणून दिला गेला. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि गाणे पुन्हा एका खोक्यात आले होते, आणि ज्यांनी तरुणपणी मर्फी ऐकला त्यांना त्यात काही शिकावे लागले नाही.

पण या परतीत दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली, घरांत जे आले ते बहुतांशी पॉवर्ड आहे, अ‍ॅक्टिव्ह नव्हे. सोय परत आली. आराखड्याची जुळणी नेहमी परत आली असे नाही. दुसरी, मर्फीचा मागचा पुठ्ठा चार स्क्रूंवर निघत असे आणि व्हॉल्व्ह हाताने उपटून बदलता येई. एकत्र असणे आणि उघडता येणे यांत तेव्हा विरोध नव्हता. आजचे खोके चिकटवलेले असते. आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर उष्णतेने वाळतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. मे महिन्यातल्या डोंबिवलीत, हवा न खेळणाऱ्या खोक्यात, भिंतीला टेकवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची गत काय होणार ते यावरून कळते. आणि एक भाग गेला की अख्खा स्पीकर गप्प. पॅसिव्हचे पुरस्कर्ते इथे बोट ठेवतात, आणि त्यांना उत्तर नाही. आवाजाच्या बाजूने मी अ‍ॅक्टिव्हकडे झुकतो, पण तीस वर्षे टिकवायची वस्तू म्हणून कुणी सुटे बॉक्स निवडले तर त्याची निवड चुकीची म्हणता येणार नाही. घेणाऱ्याने अ‍ॅक्टिव्ह घ्यावा तो मागचा पत्रा स्क्रूने निघणारा, आणि अ‍ॅम्प्लिफायरची पाटी सुटी मिळेल असे लेखी सांगणाऱ्याचा.

दरम्यान कारागीर थांबलेला नाही. या गावांतल्या दुरुस्तीच्या दुकानांत आता एक नवे काम येते. जुने नोव्होपानचे बॉक्स घरच्यांना टाकवत नाहीत, जुना अ‍ॅम्प्लिफायर बंद पडलेला असतो आणि त्याची आयसी मिळत नाही. मेकॅनिक बॉक्सची पाठ कापतो, टीपीए ३११६ या आयसीची तळहाताएवढी क्लास-डी पाटी आत बसवतो, तिला ब्लूटूथ जोडतो आणि लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवर सगळे चालू करतो. चाळीस वर्षांपूर्वी उल्हासनगरात कापलेले लाकूड, मध्ये एकदा बदललेला कोन, आणि मोबाइलवरून येणारे गाणे. गिऱ्हाईक त्याला अ‍ॅक्टिव्ह केलेला स्पीकर म्हणते. आत पाहिले तर अ‍ॅम्प्लिफायर एकच आहे, आणि ट्वीटरच्या वाटेवर ४.७ मायक्रोफॅरडचा तोच जुना कपॅसिटर अजून जोडलेला आहे.